पत्र्यावरचा दवाखाना

पालेगावात आमच्या सोसायटीशेजारी नवी इमारत उभी राहते आहे. तिच्या भोवतीच्या कुंपणाच्या पत्र्यांवर कला शिकणाऱ्या काही मुलींनी बांधकाम मजुरांकडूनच चित्रं काढून घेतली. प्रत्येक चित्राखाली क्यूआर कोड आहे. तो मोबाइलने स्कॅन केला, की चित्र काढणाऱ्याच्याच आवाजात आणि भाषेत नव्या मजुरांसाठी माहिती ऐकू येते.

ओडिशाहून आलेल्या, विटा वाहणाऱ्या एका बाईने सरकारी दवाखाना काढला होता. त्याचं दार भिंतीपेक्षा मोठं होतं. कामावर चढण्याआधी ती रोज पदराने कोडवरची सिमेंटची धूळ पुसायची.

एका सकाळी मी दूध घेऊन येत होते. गावाहून नुकतीच आलेली एक तरुण मुलगी तापलेलं बाळ कडेवर घेऊन रडत होती. तिला हिंदी येत नव्हती, मला ओडिया. मी दवाखान्याच्या चित्राखालचा कोड स्कॅन करून मोबाइल तिच्या कानाशी धरला. तिने दोनदा ऐकलं, डोळे पुसले आणि तडक दवाखान्याकडे निघाली. दोन दिवसांनी बाळ वाळूच्या ढिगावर खेळताना दिसलं.

चित्रवालीला हे सांगितलं, तेव्हा ती तोंडाला पदर लावून खूप हसली. मग एकदम गंभीर झाली.

"भाभी, उसमें और बोल सकते हैं क्या?"

"क्यों, क्या रह गया?"

"रास्ते में चाय की टपरी है, वो बताना भूल गई. बच्चा उठाके चलने से थक जाते हैं ना."

रविवारी मुली आल्या आणि तिने सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं. मी लगेच ऐकलं. त्यात 'चा' हा शब्द चारदा आला, आणि तेवढा मला चांगला कळला.