आठ खुर्च्यांची खाणावळ

एका बुटाला पॉलिश करून झालं होतं. दुसऱ्याला नुसता रंग फासला होता, ब्रश फिरवायचा राहिला होता. मास्तर दाराशी स्टुलावर बसले होते, डावा हात बुटात घातलेला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा औषधाच्या दुकानातला कारकून जिना उतरून आला आणि हसत म्हणाला, "मास्तर, तुमच्या खाणावळीतल्या मावशी गाजल्या की. आम्हाला कधी नेलं नाहीत ते. आम्ही काय परके?"

"गाजल्या म्हणजे?"

त्याने फोन त्यांच्या नाकापुढे धरला. फोनमध्ये मास्तरांचा सख्खा पुतण्या काळा चष्मा लावून एका गल्लीतून चालत होता. मागे बोट दाखवत सांगत होता, "मित्रांनो, या शहरात पुरुषाने जेवावं कुठे? हे ठिकाण आजवर फक्त आठ जणांना माहीत होतं." मग घराचा नंबर. मग दार. मग आतलं टेबल, वाफाळलेला भात, शेगडीपुढे पाठमोऱ्या मावशी. आणि शेवटी खुद्द मास्तर, तोंडात घास. "हे माझे काका. यांनी जागा सांगितली म्हणजे विषय संपला."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बुटातून हात काढला, पायात चपला सरकवल्या आणि दार ओढून घेतलं. कारकून म्हणाला, "अहो, बूट?" ऐकायला मास्तर होते कुठे.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. घरोघर पार्सलं पोचवण्यात त्यांची उभी हयात गेली. कुठली गल्ली कुठे निघते, कुठल्या इमारतीला मागून जिना आहे, हे त्यांना झोपेतही सांगता यायचं, म्हणून बरोबरच्यांनी नाव पाडलं पत्तामास्तर, आणि पुढे पत्ता गळून नुसतं मास्तर राहिलं. बायका चार दुकानं हिंडतात, चार जणींना विचारतात, भाव करतात आणि मग कापड घेतात. पुरुषाचं तसं नसतं. दुकानात शिरायचाच त्याला संकोच. कुणीतरी एकदाच एकच जागा सांगावी आणि आपण मान खाली घालून तिथून वस्तू आणावी, एवढीच त्याची इच्छा. अशा सगळ्या पुरुषांचा आधार म्हणजे मास्तर.

कुणी विचारलं, "मास्तर, बूट कुठून घेऊ?" की ते म्हणायचे, "आधी चालून दाखव." टाच घासत चालणाऱ्याला एक दुकान, दिवसभर उभं राहणाऱ्याला दुसरं. दाढी करायला कुठे जाऊ म्हटलं की विचारायचे, "न्हावी बोलका हवा की मुका?" पावसाळी कोट, सायकलचं कुलूप, शर्ट शिवणारा शिंपी, सगळ्याला त्यांच्याकडे उत्तर होतं, पण एका अटीवर. पत्ता ते तोंडी कधीच द्यायचे नाहीत. पहिल्या वेळी स्वतः घेऊन जायचे, दुकानदाराला सांगायचे, "हा माझा माणूस", आणि दाराबाहेर उभे राहायचे. दुकानदाराने फसवलं तर तो मास्तरांना तोंड दाखवू शकत नव्हता, आणि गिऱ्हाइकाने उगाच कटकट केली तर मास्तरांची मान खाली जायची. दोन्हीकडून जबाबदारी त्यांची. कमरेचे पट्टे विकणाऱ्या एका दुकानदाराने एकदा खूश होऊन त्यांच्या हातात नवा कोरा पट्टा ठेवला. मास्तरांनी तो गल्ल्यावरच ठेवला आणि त्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत.

आणि मावशींची खाणावळ ही तर दुकानांत मोडतच नव्हती. मावशींचे यजमान मास्तरांबरोबरच पार्सलं पोचवायचे. ते अचानक गेले तेव्हा त्यांच्या दोस्तांनी ठरवलं, दुपारचं जेवण वहिनींकडे जेवायचं आणि रीतसर पैसे द्यायचे. आता हे दोस्त सगळे पिकले, वहिनींची मावशी झाली, पण टेबल तेच आणि खुर्च्या आठच. नववी बसायला जागाही नव्हती आणि शेगडीला दमही नव्हता. कुणी गाव सोडून गेला किंवा देवाघरी गेला की एक खुर्ची रिकामी व्हायची, आणि ती कुणाला द्यायची ते उरलेले सात जण मिळून ठरवायचे. ज्याने त्याने आपली ताटली घासायची. कुणी पाहुणा आणला तर त्याची ताटलीही आणणाऱ्यानेच घासायची, त्याने पाणी सांडलं तर आणणाऱ्यानेच पुसायचं. पाहुण्याचं वागणं आणणाऱ्याच्या माथी. मास्तरांची बायको गेल्यापासून त्यांच्या पोटात दिवसाचं एकच नीट जेवण जात होतं, ते इथलं.

मागच्या महिन्यात आठांतले एक, घड्याळजी, लेकीकडे गेले होते. खुर्ची रिकामी होती म्हणून मास्तर पुतण्याला जेवायला घेऊन गेले. पोरगं दुपारचं बाहेरच काहीबाही खातं, एकदा घरगुती खाऊ दे, एवढाच विचार. पुतण्याने फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. मास्तरांना वाटलं, आईच्या फोनची वाट बघत असेल.

गल्लीच्या तोंडाशीच मास्तरांना गर्दी दिसली. तरणेताठे पुरुष, कुणी ऑफिसच्या कपड्यात, कुणी मोटारसायकलवर बसूनच. जिन्यात रांग. वर जाताना एकजण म्हणाला, "ओ काका, रांगेत या." दुसऱ्याने ओळखलं, "अरे, हेच ते काका," आणि फोटो काढला.

मावशी दारात डाव घेऊन उभ्या होत्या. केस विस्कटलेले, आवाज बसलेला. "नाही हो, जेवण नाही. आठ जणांचंच असतं. नाही. सांगितलं ना, नाही." आत खुर्च्यांवर नेहमीचे लोक बसले होते, पण कुणी जेवत नव्हतं. घड्याळजींनी मास्तरांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "माझ्याच खुर्चीवर बसला होता ना तुमचा दिवटा?"

"घरमालक खाली येऊन गेले," मावशी म्हणाल्या. "त्यांची बायको अंथरुणाला खिळलीय. जिन्यात सकाळपासून बाजार भरलाय, म्हणाले, खाणावळ चालवायची तर दुसरीकडे जागा बघा. महिना दिलाय. आता या वयात मी कुठे जागा बघू, मास्तर?"

"मी बघतो काय ते."

"तुमची खुर्ची मी कुणाला दिलेली नाही," त्या म्हणाल्या, "पण आज बसू नका."

ते शब्द मास्तरांना थोबाडीत मारल्यासारखे लागले. ते आल्या पावली उतरले आणि थेट पुतण्याच्या घरी गेले.

पुतण्याच्या आईने, म्हणजे मास्तरांच्या सख्ख्या वहिनींनी, दार उघडलं. "भाऊजी, या वेळी? जेवलात का?"

"तुमच्या लेकाने जेवू दिलं तर जेवेन ना."

पुतण्याची खोली म्हणजे गोदाम झालं होतं. बुटांची खोकी, दाढीची यंत्रं, पाठीवरच्या पिशव्या, पाकिटं, पट्टे, सगळं कंपन्यांनी धाडलेलं. तो खुर्चीवर बसून कानाला काहीतरी लावून ऐकत होता. मास्तरांनी ते ओढून काढलं.

"ते मावशींचं काढ आधी."

"काका, तुम्ही बघितलंत का किती जणांनी बघितलंय ते? मावशींचं तर भलंच झालं. पुढच्या वर्षी चार टेबलं टाकतील."

"त्यांना चार टेबलं हवीत असं तुला सांगितलं का कुणी? तू विचारलंस का त्यांना?"

"चांगल्या गोष्टीला काय विचारायचं?"

मास्तरांनी जवळच्या खोक्यातला एक बूट उचलला. भारी दिसत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी वाकवला, तर तळ पुढून सुटला. "याची जाहिरात केलीस ना? घातलेस का हे?"

"फोटोपुरते घातले."

"आणि लोकांना सांगितलंस घ्या म्हणून."

"काका, हे तुमच्यासारखंच काम आहे. तुम्ही जन्मभर फुकट सांगत बसलात, मी त्याचा व्यवसाय केला. राग त्याचाच येतोय तुम्हाला."

मास्तरांचा आवाज चढला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझ्यासारखं? मी दाराबाहेर उभा राहायचो, गाढवा. माणूस फसला तर माझ्याकडे यायचा. तुझ्याकडे कोण येणार? कुठे सापडशील तू? एका बाईच्या घराचा नंबर जगाला सांगितलास आणि इथे गार हवेत बसलास. आत्ताच्या आत्ता चल, घरमालकांचे पाय धर."

"मी कशाला? मी काय गुन्हा केलाय?"

"भाऊजी, लहान आहे तो," वहिनी म्हणाल्या.

"लहान? तिशीला आलाय. लहान असता तर एक ठेवून दिली असती आणि मोकळा झालो असतो."

पुतण्याने तोंड वाकडं करून तो व्हिडिओ पुसून टाकला खरा, पण लगेच म्हणाला, "काही उपयोग नाही. दहा जणांनी उचलून आपापल्या ठिकाणी टाकलंय." वर हसला. त्या हसण्याने मास्तरांचं उरलंसुरलं प्रेम करपलं. ते तसेच निघाले. रागावू नये असं आपण देवापुढे रोज म्हणतो. पण दुसऱ्याच्या चुलीवर पाणी ओतून हसणाऱ्याचा राग देवालाही येत असेल.

खाणावळीचा नियम साफ होता. पाहुण्याने सांडलं की आणणाऱ्याने पुसायचं. मास्तर घरमालकांकडे गेले. म्हाताऱ्यांनी दारातच सुनावलं, "तुमचंच तोंड होतं त्यात. मी बघितलंय."

"होय, माझंच. जिना मोकळा झाला तर राहू द्याल त्यांना?"

"मोकळा करणार कोण? पोलीस आणणार?"

"मी करतो."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळेला मास्तर गल्लीच्या तोंडाशी उभे राहू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तोंडी पत्ते दिले, तेही असे डाफरून की ऐकणारा दचकायचा. "काय हवंय? ते जेवण? संपलं. बंद झालं. घाई आहे की निवांत? घाई असेल तर पुलाच्या पलीकडे जा, उभ्याने खा. निवांत असेल तर छापखान्याच्या मागे जा, कोपऱ्यातलं टेबल मागून घे. तिखट चालतं? मग तिकडे नको." एकाने विचारलं, "काका, इथे काय वाईट आहे?" मास्तर म्हणाले, "इथे मी आहे." मोटारसायकलवाल्यांना ते जागेवरूनच वळवायचे. फोन वर झाला की पाठ फिरवायचे. त्यांच्या ओळखीच्या साऱ्या खाणावळी त्या दिवसांत भरून वाहिल्या, आणि एकाही मालकाला कळलं नाही की हे पाठवतंय कोण.

स्वतः मात्र ते घरी जाऊन उभ्याउभ्या पाव खायचे. पुतण्याचे फोन आले, उचलले नाहीत. वहिनी डबा घेऊन आल्या, तर म्हणाले, "डबा ठेवा. निरोप असेल तर परत न्या."

हळूहळू गर्दी ओसरली. लोकांना नवं काहीतरी दाखवलं गेलं आणि ते तिकडे धावले. घरमालक एक दिवस गॅलरीतून वाकून बघत होते. खाली मास्तर एकटेच उन्हात उभे होते, हुज्जत घालायला कुणी नाही. म्हातारे वरूनच ओरडले, "आता कुणाची वाट बघताय? जा वर. आणि त्यांना सांगा, जागा बघायला नको."

मास्तर वर गेले. सातजण जेवत होते. घड्याळजींनी पायानेच आठवी खुर्ची बाहेर ढकलली. मास्तर बसले, जेवले, ताटली घासली. राग अजून गेला नव्हता. पुतण्याचा विषय निघताच त्यांनी घास खाली ठेवला होता, म्हणून तो पुन्हा कुणी काढला नाही.

निघताना मावशी म्हणाल्या, "शेगडीची नळी कडक झालीय हो. कुठली चांगली, कुठे मिळते?"

"सांगत नाही. आणून देतो."

उद्या सकाळी मास्तरांना शेगडीची नळी आणायला जायचं आहे.