दोऱ्याच्या गाठी आणि दुसरा दिवस

नरसय्या मामा खबऱ्या नव्हता.

आज त्याची पुण्यतिथी. परवा एका लग्नाच्या पंगतीत त्याच्या नातवाकडे बघून कुणीतरी हळूच म्हणालं, "ते खबऱ्याचं घर."

हळूच बोललेलं मला आधी ऐकू येतं. उभा जन्म पॉवरलूमच्या खडखडाटात गेला, पण एक धागा तुटला तरी मला आवाजावरून कळतं.

म्हणून ही पोस्ट. लांबेल. वाचा.

गोष्ट एकोणीसशे तीसच्या आसपासची, इंग्रजांच्या राज्यातली. माझा आज्जा महादू आणि त्याचे दोन जिवलग. दस्तगीर टांगेवाला, आणि आमच्या शहराच्या पूर्व भागातला विणकर नरसय्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी. लिहिता-वाचता मात्र कुठलीच येत नव्हती.

मोठा पुढारी येणार होता. शहरात परवानगी नाही, म्हणून सभा तुळजापूर रस्त्याच्या माळावर.

तिघं दस्तगीरच्या टांग्यातून निघाले. नाक्यापासूनच एक सायकलवाला मागे.

"चुप बैठो रे," दस्तगीर म्हणाला. "वो कबसे पिच्छे आरा."

आज्जा म्हणाला, "दूधवाला असंल की."

"दूध कां है उसके पास?"

दस्तगीरनं घोडा दामटला.

माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. बाभळीवर माणसं, बैलगाड्यांवर माणसं. लाउडस्पीकर कुठला! पुढच्यांनी ऐकायचं आणि मागच्यांना ओरडून सांगायचं. एक वाक्य या तिघांपर्यंत चौथ्या तोंडातून यायचं.

त्या गर्दीत जो तो शेजाऱ्याच्या पायाकडे बघत होता. धोतराखाली पॉलिशचे बूट दिसले की समजायचं, सरकारी माणूस.

आणि नरसय्यानं कनवटीचा सुताचा दोरा काढला. मागे वाक्य आलं की दोऱ्याला एक गाठ. पुन्हा वाक्य, पुन्हा गाठ.

"काय रं करतूस?" आज्जानं विचारलं.

"घरी गेल्यावर सांगतो की."

परतताना कुणीतरी टांग्यात पत्रकांचा गठ्ठा टाकला. वाटायला. सापडला तर सरळ तुरुंग. दस्तगीरनं तो घोड्याच्या गवताच्या पोत्यात खोल खुपसला. तिघांशिवाय कुणी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस दस्तगीरच्या दारात आले.

घराची झडती घेतली नाही. पेटी उघडली नाही. सरळ गवताच्या पोत्यात हात.

दस्तगीर महिनाभर आत. टांग्याच्या परवान्याचा बिल्ला जप्त. घोडा विकला. पुढे जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या गाड्या भरल्या.

आज्जा पारावर, चारचौघांत म्हणाला, "तिघांनाच ठाऊक हुतं. मी न्हाय, दस्तगीर न्हाय. मग ऱ्हायलं कोण? गाठी मारत हुता त्यो. माणसं मोजत हुता."

झालं. त्या दिवसापासून नरसय्या आला की पारावरचं बोलणं थांबायचं.

ही गोष्ट आज्जानं मला शंभरदा सांगितली. शंभरदा सभेवरून तो थेट तिसऱ्या दिवसावर उडी मारायचा.

दुसरा दिवस कुठे गेला?

माझ्या कानाला ते खटकायचं. विचारलं नाही. आज्जाला कोण विचारणार?

पुढे मी दोन सेकंडहँड माग घेतले. शेडवर पत्रा होता, हातात कला नव्हती. म्हातारा नरसय्या मामा न बोलावता आला आणि ताणा, म्हणजे उभे धागे, कसा लावायचा ते शिकवून गेला. रोज यायचा. चहा घ्यायचा, पैसे नाही.

आज्जा म्हणायचा, "त्याच्यासमोर जपून बोल."

आणि मी जपून बोलायचो. आज लिहायला लाज वाटते. माझा धंदा उभा करणारा माणूस दारात आला की मी विषय बदलायचो.

आज्जा गेला. तेराव्यानंतर मामा शेडवर आला. मी माग बंद केला आणि विचारलं, "मामा, त्या गाठी कसल्या होत्या?"

तो घरी गेला आणि डबी घेऊन आला. डबीत तो दोरा.

पहिल्या गाठीवर बोट ठेवलं आणि तेलुगूत बोलायला लागला; मागावर राहून मला ती कळते. मग दुसरी गाठ. मग तिसरी. त्या पुढाऱ्याचं अख्खं भाषण, मुद्द्याला मुद्दा.

"मागावर नक्षी वळवायची आली, रंग बदलायचा आला, की आमी खुणेची गाठ मारतो. तसंच हे. कारखान्यातल्या आमच्या तेलुगू बायकास्नी सभेला जाता येत नव्हतं. त्यास्नी सांगायचं हुतं."

"मग तेव्हाच का नाही दाखवलात?"

"विचारलं कोणी?"

मग आपणच म्हणाला, "सभेच्या दुसऱ्या दिवशी महादू न्हाव्याकडं गेलता. कडुलिंबाखाली. माझा नंबर त्याच्या मागं. तोंडाला साबण, आणि न्हाव्याला सांगतोय, आमचा दस्तगीर लई हुशार, कागदं गवतात लपवली, कुणाच्या बापाला सापडायची न्हाईत. शेजारच्या फळीवर एक अनोळखी माणूस बसलेला. मी त्याचे बूट बघितले."

"मामा, हे तुम्ही दस्तगीरचाचाला सांगितलं नाहीत?"

"त्याचा घोडा गेलता. अजून दोस्त कशाला घालवू? माझे तर दोघंबी गेलेच हुते."

आज्जाला ते आठवत होतं का? शंभर वेळा एकच दिवस कुणी विसरत नाही. मला तरी तसंच वाटतं. तोंडाचा हलका होता, मनानं वाईट नव्हता. पण स्वतःवरचा संशय त्यानं दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला.

आणि मी? हे कळल्यावर मामा आणखी सहा वर्षं जगला. मी पारावर जाऊन हे सांगितलं नाही. आज्जाचं नाव, आमचं घर, वाढता धंदा. गप्प बसणं मलाही परवडलं.

आळ चारचौघांत घेतला होता. म्हणून हे चारचौघांत.

तो दोरा नातवाकडे आहे. बघायचा असेल त्यानं त्याच्या घरी जावं आणि चहा पिऊन यावं. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी खाली कॉमेंट करा. पंगतीत कुजबुजू नका. मला ऐकू येतं.

मामा, महादूच्या घरातर्फे माफी मागतो. फार उशीर केला.

तुम्हाला नमस्कार.