रेडिओवरचा खोडलेला निरोप

‘सी यू सून’ असं कुणी म्हटलं की अजून माझं टाळकं सरकतं. घरचे हसतात, दोन शब्दांवर कसला एवढा राग म्हणतात. हसू देत. त्यांना ती सकाळ माहीत नाही.

एक्क्याण्णवचा जानेवारी होता. कुवेत इराकच्या ताब्यात जाऊन पाच महिने झाले होते आणि आता लढाई पेटणार हे शाळेतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. आम्ही ओमानमध्ये, मस्कतजवळ बौशरला राहायचो. नवरा इंजिनिअर, आणि मी एका भारतीय शाळेत चौथीला शिकवायचे. त्या दिवसांत रेडिओवर सकाळी घरांसाठी आणि शाळांसाठी एक कार्यक्रम लागायचा. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या कशा मारायच्या, पिंपात पाणी किती भरून ठेवायचं, घाबरलेल्या मुलांशी काय बोलायचं, असलं सगळं. एक दिवस तो अर्धा तास आमच्या शाळेला मिळाला. शेवटी पाच मुलांनी आपल्या दूरच्या माणसांना निरोप द्यायचे, असं ठरलं.

माझ्या वर्गात एक मुलगी ऑगस्टमध्ये आली होती. मूळची वसईची, ख्रिश्चन, पण जन्म कुवेतचा. मामीच्या बाळंतपणासाठी आई तिला घेऊन इथं मस्कतजवळ सीबला मामाकडे आली आणि मागं कुवेतमध्ये सैन्य घुसलं. बाप तिथंच राहिला. तो एका हॉटेलच्या बेकरीत पाव-केक करायचा. फोन बंद पडायच्या आधी नवराबायकोचं एकदाच बोलणं झालं, आणि त्यात ही बाई त्याला सांगून बसली की काही झालं तरी आम्ही परत येतो, तू घर सोडू नको. झालं. त्यानं ते धरून ठेवलं.

डिसेंबरअखेर त्याच्याच हॉटेलातला एक वेटर सुटून गावी पोचला. त्यानं मामाला फोन करून सांगितलं, की जॉर्डनकडे अजून बस सुटतात, जागा मिळते, पण हा हटत नाही. बायको-पोरगी आली आणि दाराला कुलूप बघितलं तर कुठं जातील, म्हणतो. आणि रोज सकाळी रेडिओला कान लावून मस्कत पकडतो, कारण माणसं मस्कतला आहेत.

आई ते ऐकून दुसऱ्याच दिवशी शाळेत आली. रेडिओवर मुलं बोलणार हे तिला कळलं होतं. तिनं मुलीकडून तीन वाक्यं पाठ करून घेतली होती. पोरीचं मराठी अडखळतच चालायचं, म्हणून ती इंग्रजी अक्षरांत लिहून आणली होती. ‘पप्पा, आम्ही मामाकडेच आहोत. आमची वाट नको बघू. तू नीघ.’ एवढंच. मी म्हटलं, काळजी नको, हेच बोलेल ती. असा शब्द दिला मी.

रेडिओवरच्या ओमानी बाई फार समजूतदार होत्या. मूल कुठल्याही भाषेत बोलू दे, फक्त अर्थ आधी सांगा, एवढंच त्यांचं म्हणणं. अर्थ ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आडवे आले ते आपलेच लोक. आमच्या पालक समितीवर एक साहेब होते, पुण्याचे. कोट घातल्याशिवाय शाळेत पाऊल टाकायचे नाहीत. त्यांनी माझा कागद घेतला आणि लाल पेनानं तिन्ही वाक्यं खोडली. आपण इथं पाहुणे आहोत, मराठी कुणाला कळणार, लोकांना वाटेल काय इशारे चाललेत, आणि रडगाणं कशाला, सगळं कसं प्रसन्न पाहिजे, अशी त्यांची कारणं. मी सांगितलं की त्या ओमानी बाई हो म्हणाल्यात. तर म्हणाले, “मॅडम, त्यांना काय, जबाबदारी आपली आहे.” कसली जबाबदारी? एक माणूस मरणाच्या दारात बसून राहिलाय, त्याची जबाबदारी कुणाची? हे मी आता विचारते. तेव्हा मूग गिळून गप्प बसले. नोकरीचं तिसरंच वर्ष होतं आणि समितीपुढं मुख्याध्यापकसुद्धा मान वर करत नसत.

साहेबांनी पाचही मुलांना एकाच साच्यातलं इंग्रजी लिहून दिलं. मी मजेत आहे, रोज शाळेत जातो, नवीन गाणी शिकतो. आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘सी यू सून’. ग्रीटिंग कार्डावर छापतात तसं. ते अर्थासाठी नव्हतंच मुळी, नुसतं छान वाटायला होतं.

आणि मी काय केलं? चार दिवस मधल्या सुट्टीत पोरीला बसवून ते घोटून घेतलं. शब्द खाऊ नको, शेवट स्पष्ट म्हण, हसून म्हण. ती दोनदा म्हणाली, “टीचर, मम्मीचं?” मी म्हटलं, पुढच्या वेळी.

त्या सकाळी शाळेच्या बसनं आम्ही स्टुडिओत गेलो. शाळेत सगळी मुलं रांगेत उभी राहून लाऊडस्पीकरवर ऐकत होती, सीबला आई रेडिओसमोर बसली होती. साहेबांनी पालकांना सूचना वाचून दाखवल्या, भारदस्त आवाजात. मग मुलं. त्या ओमानी बाईंनी बोटानं खूण केली तेव्हा पोरीनं आधी माझ्याकडं बघितलं. आईची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. साहेब मागं उभे होते. मी मान हलवली, आणि ती बोलली. एकही चूक नाही. “सी यू सून, पप्पा,” म्हणताना हसलीसुद्धा.

आईनं दुपारी विचारलं, आमचं का नाही म्हटलं? मी पुन्हा तेच सांगितलं, पुढच्या वेळी. पुढची वेळ आली नाही. आठवड्याभरात लढाई सुरू झाली.

ती संपली तरी त्या माणसाचा पत्ता नव्हता. शाळेच्या वार्षिक समारंभात त्या कार्यक्रमाबद्दल साहेबांना शाल आणि ढाल मिळाली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी नव्हते, एवढंच काय ते माझं शौर्य.

मार्चच्या शेवटी तो आला. मुलीचा हात धरून थेट वर्गाच्या दारात. अंगावरचे कपडे मामाचे, ढगळ. हातात पिशवी, त्यात मामीच्या ओव्हनमध्ये भाजलेले गोड पाव. तो माझे आभार मानायला आला होता.

लढाईत तो हॉटेलच्या तळघरात होता. बाजूला बॉम्ब पडला आणि उजवा कान कायमचा गेला, म्हणून बोलताना डावा कान पुढं करायचा. शेजारी झोपणारे दोघं गेले. मी न राहवून विचारलं, आधी का नाही निघालात?

“लढाई अगदी तोंडावर आली तेव्हा निघणारच होतो, टीचर. दुसऱ्या दिवशी बस होती, जागा पण ठेवलेली. पण त्या सकाळी हिचा आवाज आला रेडिओवर. बाकी इंग्रजी मला कळत नाही. पण सी यू सून कळतं. हॉटेलातले गेस्ट जाताना तेच म्हणायचे, आणि पुढच्या वर्षी परत यायचे. म्हटलं, पोरगी येतेय. ती जागा दुसऱ्याला देऊन टाकली.”

सांगायला हवं होतं की ते वाक्य तिचं नव्हतं, तिच्या आईचंही नव्हतं, ते एका कोटवाल्या माणसाचं होतं. साहेबांना मी नंतर गाठून सांगितलं, तर म्हणाले, लहान मुलाचं बोलणं इतकं मनावर घेतं का कुणी? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण त्या बापापुढं माझी हिंमत झाली नाही, आजतागायत झालेली नाही.

तो मात्र खूश होता. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, “रेडिओ किती खरखरत होता, तरी शेवट एकदम साफ ऐकू आला. एवढं स्पष्ट बोलायला कुणी गं शिकवलं तुला?”

तिनं माझ्याकडं बोट दाखवलं.