कपाटातली ऊब

तुंगार्लीतले बंगले मुंबईच्या लोकांचे, पण त्या बंगल्यांतली ओल मात्र भागुबाईची. मालक मंडळी शनिवारी येतात, धुकं बघतात, भजी खातात आणि रविवारी गाडीत बसून निघून जातात. मागे राहते ती ओल, आणि तिच्याशी भांडायला भागुबाई. लोणावळ्याचा पावसाळा काय असतो ते इथं बारमाही राहणाऱ्यालाच विचारावं. मीठ पाझरतं, दारं फुगून बसतात, कमरेच्या पट्ट्यावर बघता बघता हिरवी लव उगवते. अशा हवेत या बाईने दुसऱ्यांच्या गाद्या, पडदे, पुस्तकं वर्षानुवर्षं कोरडी राखली. मालकीणबाई दिवाळीला येऊन कपाटातली साडी काढते, नाकाशी धरते आणि म्हणते, "भागुबाई, कशी राखलीस गं!" तेवढ्या एका वाक्यावर बाईचं वर्ष निघतं.

तिची सगळी भिस्त बल्बवर. हल्लीचे ते पांढरे, थंड दिवे तिच्या कामाचे नाहीत. तिला लागतो जुना पिवळा बल्ब, हात लागला तर चटका बसेल असा. तो कपाटाच्या खालच्या कप्प्यात लावायचा, दार लोटून घ्यायचं आणि पावसाळाभर जळत ठेवायचा. आत कशी छान ऊब धरते, कपड्यांना वास येत नाही. ही युक्ती तिची एकटीची नव्हे, लोणावळ्यात घरोघरी असं एक कपाट असतंच. पण भागुबाईइतकी निष्ठा दुसऱ्या कुणाची नसेल. बल्ब गेला की तिच्या जिवाला चैन नाही, छत्री उघडून ती तडक बाजार गाठते.

या निष्ठेला कारण होतं. तिचा नवरा जानू खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होता. सगळे पावसाळे रुळांवर भिजून काढले आणि एका पावसाळ्यात छातीत कफ धरून तो गेला. तेव्हापासून ओल म्हणजे भागुबाईला घरात शिरलेली वैरीण वाटते. ती राखते त्या बंगल्याच्या मागच्या आवारात तिच्या दोन खोल्या आहेत. तिथल्या कपाटात, बल्बच्या उबेला, तिच्या जिवाभावाचं सगळं ठेवलेलं असतं: जानूचा कामावरचा कोट, लेकीची सर्टिफिकेटं, बौद्धवाड्यातल्या जयंतीला नेसायची पांढरी साडी.

लेक म्हणजे यशोधरा. शांत पोर, पण कामाला वाघीण. कॉलेज झालं आणि तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली, तीही घरी बसून करायची. हॉटेलांची बुकिंगं बघायची, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, त्यांच्या तक्रारी गोड बोलून मिटवायच्या. कंपनीने लॅपटॉप दिला. ज्या दिवशी तो घरात आला त्या दिवशी भागुबाईने हात पुसून त्याला एकदाच बोट लावलं आणि विचारलं, "याला वल लागंल का गं?"

"लागली तर बिघडेल की," यशोधरा सहज म्हणाली.

झालं. काम संपून यशोधराने झाकण मिटलं, की भागुबाई लॅपटॉप उचलायची आणि कपाटात ठेवायची. यशोधरा बघायची, पण तिला त्यात वावगं काय वाटणार? त्या घरात जपायची प्रत्येक वस्तू कपाटातच जायची. ती स्वतःही लहानपणी शाळेत जाताना त्याच कपाटातला उबदार गणवेश घालून गेली होती.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात रडगाणं सुरू झालं. तुंगार्लीत वारा सुटला की झाडाची फांदी तारेवर पडते आणि वीज जाते, हे ठरलेलं. नेट मोबाईलवरून घेता येत होतं, म्हणून वीज गेली तरी काम चालायचं. पण आता लॅपटॉपच मान टाकायला लागला. आधी दोन-तीन तास टिकायचा तो आता गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं संपायच्या आत विझायचा. यशोधराने स्क्रीनचा उजेड कमी केला, नको ते प्रोग्रॅम बंद केले, चार्जर बदलून बघितला. उजेड इतका कमी केला की बिचारी डोळे ताणून वाचायची. फरक शून्य.

बाजारात अतुलचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. पोरगा ओळखीतला, जीव लावून काम करणारा. त्याने बॅटरी तपासली आणि म्हणाला, "पूर्ण चार्ज दाखवते, पण आत धरायची ताकदच राहिली नाही हिच्यात. थकलीय." कंपनीला विचारून त्याने नवी बॅटरी बसवली. घरात आनंदीआनंद. भागुबाईला वाटलं, आता हिला जास्तच जपायला हवं. म्हणून तिने काय करावं? ठेवणीतली लोकरीची शाल काढली, लॅपटॉप तीत नीट गुंडाळला आणि वरच्या कप्प्यातून खाली, थेट बल्बच्या शेजारी आणून ठेवला. नवी बॅटरी जुनीपेक्षाही लवकर गेली.

तोवर पुण्याहून प्रेरणा मॅडमचा फोन येऊन गेला होता. त्या यशोधराच्या साहेब. बाई वाईट नव्हती, पण तिलाही वर उत्तर द्यावं लागत होतं. "यशोधरा, कॉल मध्येच तुटतात, लोक चिडतात. असंच राहिलं तर पुढच्या महिन्यापासून तुला ऑफिसला यावं लागेल. पुण्यात खोली बघून ठेव."

यशोधराने आईला सांगितलं आणि म्हणाली, "तूपण चल."

"आन् बंगला कोन बगंल? तू जा बाय. तरनीताठी पोर, हितं काय ठिवलंय तुला? माजी काळजी नगं करूस." भागुबाई हे असं ठसक्यात बोलली आणि परसात जाऊन उगाचच कोरडी फडकी पिळत बसली. लेक गेली तर दोन खोल्यांत आपण कुणाशी बोलायचं, हे तिला सुचत नव्हतं. आणि पोरीला पुण्याला जायचंय की राहायचंय, हेही तिला माहीत नव्हतं. विचारायची हिंमतच झाली नाही. विचारलं आणि पोर म्हणाली, 'जायचंय,' तर?

अतुलला मात्र झोप लागेना. आपण बसवलेली बॅटरी अशी जाते म्हणजे काय! एका रविवारी पावसातून तो स्वतःच घरी आला. "जयभीम मावशी," म्हणत रेनकोट दाराशी टांगला, प्लग तपासला, वायर तपासली, टेबलाखाली वाकून बघितलं. सगळं ठीक. डोकं खाजवत तो म्हणाला, "लॅपटॉप कुठाय? आणा जरा."

यशोधराने कपाट उघडलं. आतून गरम वाफ आल्यासारखी हवा आली. तिने शालीचं गाठोडं काढून अतुलच्या हातात दिलं. अतुलने शाल सोडली, लॅपटॉपच्या पाठीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. मग कपाटात वाकून बल्ब बघितला.

"मावशी, लॅपटॉप रोज इथं असतो?"

"व्हय तर!" भागुबाईची मान ताठ झाली. "रोज. येक दिस चुकवला न्हाई. शालीत घालून ठिवते, बल्बच्या अगदी कडंला. काय बिशाद हाय वल लागायची!"

अतुलने लॅपटॉप टेबलावर ठेवला. तो लोणावळ्यातच वाढलेला, त्याच्या आईच्या कपाटातही बल्ब होता. बाईच्या तोंडावरचा अभिमान बघून त्याला पुढचं बोलवेना. शेवटी हळू आवाजात म्हणाला, "मावशी, माणसाला ऊब लागते. बॅटरीचं उलटं असतं. तिला गरमी सोसत नाही, ती आतून मरते. आणि हिच्यावर तर शालही होती."

भागुबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती कपाटापुढेच फरशीवर बसली.

"म्हंजे मी मारली?"

"तसं नाही, मावशी…"

"तसंच हाय. दोन्ही बॅटऱ्या मीच मारल्या. पोरगी जाऊ नये म्हनून जीव तुटत व्हता, आन् तिला घराबाहेर काढाया मीच लागले व्हते. माज्या हातानं." तिने पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं दुसऱ्यांचं सगळं राखलं आणि पोटच्या पोरीची भाकर जाळली, असं तिला वाटलं; आणि ते वाटणं फार वाईट होतं.

यशोधरा तिच्याशेजारी फरशीवरच बसली. "आई, माझंही चुकलं गं. मी तो कधी बंद करतच नव्हते. सकाळी पटकन सुरू व्हावा म्हणून नुसतं झाकण मिटायचे. म्हणजे तो आतल्या आत चालूच. वर तुझी शाल, खाली तुझा बल्ब. आपण दोघींनी मिळून शिजवला त्याला!" आणि ती हसली. अतुलही हसला. भागुबाईला मात्र काही हसू आलं नाही.

पुन्हा नवी बॅटरी आली. अतुलने बजावलं, काम झालं की पूर्ण बंद करायचा, टेबलावर मोकळा ठेवायचा, फार तर औषधाच्या डब्यात येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या बाजूला ठेवायच्या. भागुबाईला हे भारी जड गेलं. धुकं खिडकीतून आत येतंय आणि लेकीचा लॅपटॉप असा उघडा पडलाय, हे बघून तिचा जीव खालीवर व्हायचा. पोराचा ताप बघावा तसा ती येताजाता त्याला हात लावायची आणि गार लागला की सुस्कारा टाकायची.

महिना संपत आला होता, त्या दिवशी दुपारीच अंधारून आलं आणि वीज गेली. यशोधराचं काम चालू होतं. भागुबाई चहा घेऊन दाराशी आली आणि तिथंच थबकली, कारण पोरीने हाताने थांब अशी खूण केली. स्क्रीनवर प्रेरणा मॅडम दिसत होत्या. त्यांचं बोलणं यशोधराच्या कानातल्या हेडफोनमध्ये. भागुबाईला ऐकू येत होतं ते फक्त लेकीचं.

"हो मॅडम, लाईट मघाशीच गेली… नाही, बॅटरीवर आहे. आता टिकते."

मग बराच वेळ पलीकडून बोलणं. भागुबाईचे डोळे त्या लॅपटॉपवर खिळले होते. आत्ता विझेल, मग विझेल. दम धर रे बाबा, एवढं बोलून होऊ दे तिचं, असं ती मनात म्हणत होती.

"मॅडम, खरं सांगू का? मला पुण्याला यायचं नाही. मी इथून एकही कॉल तुटू देणार नाही, पण मला इथंच राहू द्या."

भागुबाई कान देऊन पुढे वाकली.

"नाही मॅडम, आई एकटी पडेल म्हणून नाही. ती खमकी आहे, तिचं ती निभावेल. मलाच तिच्याशिवाय करमत नाही."

पुन्हा पलीकडून बोलणं. पावसाचा पत्र्यावरचा आवाज तेवढा. लॅपटॉप विझला नाही. यशोधरा ऐकत होती, मान हलवत होती, आणि एकदम तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला. "हो मॅडम. इथूनच. थँक्यू." तिने हेडफोन काढून ठेवला आणि मागे वळली, तर आई दारात उभी, डोळ्यांतलं पाणी गालांवर आलेलं आणि ते पुसायचंही भान नाही.

"ऐकलंस होय?" यशोधरा लाजून म्हणाली. "चहा दे ना. गार झाला असेल."

भागुबाईने कप टेबलावर ठेवला. पोरीचं डोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि अख्ख्या पावसाळ्यात जे तोंडातून निघालं नव्हतं ते बोलली.

"ऱ्हा बाय. ऱ्हा माज्यापाशी. मलाबी न्हाई करमत."