ओढतंय कोण?

फिजिक्सच्या स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. केमिस्ट्रीवाल्यांचं काही सांडलं तर पुसता येतं. आमच्याकडं कुणी काही बोललं की ते वर्षभर तिथंच राहतं. त्यात आमचे बिरादार सर असल्यावर विचारूच नका. लातूरच्या आमच्या कॉलेजात ते तीस वर्षं शिकवत होते, अन् मी त्यांच्या हाताखाली बारा वर्षं.

*

रिटायर व्हायला वर्ष राहिलं तेव्हा सरांनी नवीन फिजिक्स वाचायला घेतलं. एक दिवस चहा तसाच ठेवून म्हणाले, "मॅडम, तीस वर्षं मी पोरांना सांगून राहिलो, पृथ्वी वस्तूला ओढते. अन् हे पुस्तकवाले म्हणतात, ओढतच न्हाई. जागा अन् काळ दोन्ही मिळून वाकलेत, वस्तू आपली तिच्या सरळ वाटेनं चाललीय. आता शेवटच्या तासालाबी पोरांना तेच सांगून जाऊ का? हे समजल्याबिगर मी रिटायर होणार न्हाई."

आमचे शिपाई कासिममामा कप उचलत म्हणाले, "सर, रिटायर तर ऑफिस करतंय. तुम्हाला कोण विचारून राहिलं?"

*

सरांनी कुठंतरी वाचलं की ताणलेल्या चादरीवर जड वस्तू ठेवली की चादर वाकते, गोट्या तिच्याकडं घरंगळतात, गुरुत्वाकर्षण तसंच. कासिममामांच्या घरून चादर आली. चौघांनी टोकं धरली, मध्ये कलिंगड ठेवलं. गोट्या झकास घरंगळल्या.

सर मात्र कलिंगडाकडं बघत बसले. "ह्यानं चादर खाली कशामुळं दाबली? वजनामुळंच ना? म्हंजी गुरुत्वाकर्षण समजवायला गुरुत्वाकर्षणच लागलं की!" अन् रागानं टोक सोडून दिलं.

फुटलेलं कलिंगड आम्ही खाल्लं. सरांनी फोडसुद्धा घेतली नाही.

*

मग सर काळापाशी पोचले. जमिनीजवळ घड्याळ किंचित हळू चालतं, उंचावर किंचित जोरात, हे त्यांनी मला आठवडाभर समजावलं. फरक इतका बारीक की आपल्या घड्याळाला पत्ताही लागत नाही. पण मला तेवढं पुरेसं होतं. सोमवारी मी दहा मिनिटं उशिरा आले अन् प्राचार्यांना सांगितलं, "सर, माझा वर्ग तळमजल्यावर, तिथं वेळ हळू जातो. तुम्ही वर बसता."

प्राचार्य मॅथ्सचे. मंगळवारी नवीन टाइमटेबल लागलं. माझा पहिला तास दुसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या जिन्याशेजारच्या खोलीत.

*

सरांचं गाव उदगीरजवळ. तिथं त्यांच्या भावाचा अन् शेजारच्या मल्लप्पाचा बांधावरून जुना वाद. सॅटेलाइटच्या मशीननं मोजणी झाली, खुणा ठोकल्या, मल्लप्पा सही करायला बसला. सरांना राहवलं नाही. म्हणाले, "वरच्या सॅटेलाइटमधलं घड्याळ आपल्यापेक्षा जोरात पळतंय बरं का. ते दुरुस्त करूनच मोजावं लागतंय."

मल्लप्पानं पेन खाली ठेवला. "घड्याळ दुरुस्त करून मोजलंय? मग मला न्हाई मान्य."

भाऊ अजून सरांशी नीट बोलत नाही.

*

आता शेवटच्या महिन्यातलं सांगते. मोबाइलमध्ये ढकल-धक्का मोजणारा एक सेन्सर असतो. टेबलावर नुसता पडलेला मोबाइलसुद्धा त्यात गुरुत्वाकर्षणाचे नऊ पूर्णांक आठ दाखवतो. सरांनी स्वतःचा मोबाइल गॅलरीतून सोडला, खाली आम्ही सतरंजी धरून उभे. पडतानाचा आकडा जवळजवळ शून्य आला. सरांचे डोळे भरून आले. "बघा मॅडम, पडणाऱ्याला ओढच न्हाई. टेबलच त्याला वर ढकलून राहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी हे मोठ्या हौसेनं सांगितलं. पहिल्या बाकावरची स्नेहा उठली. "सर, हे मोबाइलला कळलं. तुम्हाला कळलं का?"

सरांनी खडू खाली ठेवला. त्यांचा शेवटचा तास मंगळवारी होता.

रविवारी सकाळी सर आमच्या शेतात हजर. "मॅडम, विहिरीला पाणी हाय का?"

पाणी चिक्कार होतं. सरांचं लहानपण विहिरीत पोहण्यातच गेलेलं, पण आता वय अठ्ठावन्न, त्यात गुडघे दुखरे. माझ्या नवऱ्यानं आधीच दोर सोडून ठेवला. मला खरंच भीती वाटत होती. मी म्हणाले, "सर, राहू द्या ना. पुस्तकात लिहिलंय तेवढं बास झालं."

"परवा त्या पोरीपुढं उभं राहायचंय," सर म्हणाले. चष्मा माझ्या हातात दिला अन् उडी मारली.

पाणी काठापर्यंत उडालं. मग बराच वेळ नुसत्या लाटा. शेवटी डोकं वर आलं. सर दोर धरून धापा टाकत होते.

"कोणीच ओढलं न्हाई, मॅडम," ते खालून म्हणाले. "पोट हलकं, हात हलके. कोणीच न्हाई. पाण्यानं मात्र लई जोरात हाणलं."

"कळलं ना सर? या आता वर."

नवऱ्यानं त्यांना पायऱ्यांवरून वर घेतलं. सरांनी गुडघा चोळला, तोंड पुसलं. मी चष्मा पुढं केला, तो काही घेतला नाही. परत काठावर जाऊन उभे राहिले.

"कळलं की. पण प्रॅक्टिकलला रीडिंग तीन लागतात."