मुक्या फोनला दिलेल्या शिव्या

नागापूरच्या एमआयडीसी चौकात लंकाबाईचा एसटीडी बूथ होता. एक पाय पोलिओनं नेलेला, म्हणून अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. मिळालेला म्हणजे कुणी ताटात वाढला नव्हता. टेलिफोन कचेरीचे जिने कुबडीवर चढून, भांडून घेतलेला. आसपासच्या खोल्यांत राहणारी कारखान्यातली पोरं गावाकडं तिचाच नंबर कळवत. फोन आला की ती दारातून हाक मारी, आणि ती हाक मशिनांच्या खडखडाटातूनही कारखान्यातल्या प्रेसशॉपच्या फाटकापर्यंत जाई.

पण फोन बाई उचलते हे कळलं की काही पुरुषांची जीभ सैल सुटते. जेवणाच्या सुट्टीत एक जण रोज फोन करी. कधी घाण बोले, कधी जात काढी, कधी नुसता गप्प राही. पहिल्यांदा लंकाबाई रडली. मग तिनं ठरवलं, आता रडायचं ते त्यानं. पलीकडून आवाज आला नाही की ही सुरू होई. "मुडद्या, तोंड शिवलंय का तुझं? किडे पडतील त्यात!" पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही.

चहाच्या टपरीवर पोरं म्हणत, "लंकाबाईकडं फोन लावू नको रे, कानातला मळ निघतो." कुणीतरी बूथच्या मागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं, 'येथे शिव्या मोफत मिळतील.' तिनं ते पुसलं नाही. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'लायकी बघून.'

इथवर सगळं निभलं. मग टेलिफोनच्या साहेबानं बोलावून घेतलं.

"राजूरहून तक्रार आली आहे. या नंबरवर फोन केलेल्या एका वृद्ध महिलेला अर्वाच्य शिवीगाळ झाली. पुन्हा तक्रार आली तर बूथ काढून घेऊ."

"आन् मला रोज छळतो त्याचं काय, साहेब?"

"त्याची लेखी तक्रार द्या."

"दिलीय की. तुमच्याच टेबलावर असंल."

"बाई, भाषा सांभाळा!"

बाईला जे ऐकावं लागतं ते असभ्य नसतं, ती जे उलट बोलते तेच तेवढं असतं. लंकाबाई दात आवळून परतली. बूथ गेला तर पुन्हा भावाच्या दारात बसायचं, भावजयीच्या हातचं खायचं. त्यापेक्षा जीभ चावलेली बरी. आता रिसीव्हर उचलून ती "नमस्कार, बोला" म्हणे, आणि तो बोले. ती मुकाट ठेवून देई.

तशात एका सकाळी ती फोन आलेल्या गोरक्ष नावाच्या पोराला हाक मारत होती, तर रस्त्यावरून जाणारी एक म्हातारी गर्रकन वळली. डोक्यावर गाठोडं, पायात माती.

"ह्योच! ह्योच आवाज! तूच का गं ती? माझ्या रामची बायको?"

"कुणाची बायको?"

"राम. राजूरचा. मला न इचारता पाट लावला व्हय त्यानं तुझ्यासंगं? सासूला मुडदा म्हन्ती, किडे पडतील म्हन्ती! मी बनुबाई. बोल आता तोंडावर!"

लंकाबाई स्टुलावर बसलीच. राम म्हणजे प्रेसशॉपमधला पोरगा, तिला मावशी म्हणणारा.

"आजी, मी बूथवाली. तुमचं पोरगं बिनलग्नाचं हाय. तुमी फोन केला तवा बोलला का न्हाई?"

"कशी बोलनार? 'राम हाय का' म्हनून इचारनारच हुते, तू 'हॅलो, कोन, ऐकू येतंय का' लावलंस. मी व्हय व्हय म्हनून मान हलवीत हुते."

"मान?"

"मंग! दुसरं मानूस बोलतंय तवर मदी कसं बोलावं?"

लंकाबाईला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं वाकून म्हातारीच्या पायाला हात लावला. "चुकले, आजी. शिव्या दुसऱ्याच्या हुत्या, तुमच्या पदरात पडल्या." तिच्यासाठी चहा सांगितला. त्या रोजच्या माणसाचं सांगितलं, बूथचंही सांगितलं. तक्रार मागं घ्या, एवढं मात्र तिच्या तोंडून निघेना.

बनुबाईला ते मागावं लागलं नाही. "अर्ज तर त्या गहिनीनाथनं केला. राजूरचा फोनवाला. लाव त्याला."

फोन लागला. म्हातारी ओरडली, "गहिन्या, तो अर्ज मागं घे! बाई चांगली हाय. मीच मुकी बसले... न्हाई, आजच! कागद लिहून टाक, मी आले की आंगठा देते." पलीकडून 'बरं, बरं' ऐकू आलं.

राम सुट्टीत आला. आई दिसताच त्याचा डबा हातातच राहिला. तेवढ्यात फोन वाजला. लंकाबाईनं उचलला, "नमस्कार, बोला," आणि तिचा चेहरा उतरला.

"त्योच का गं?" बनुबाईनं विचारलं.

लंकाबाईनं मान हलवली. म्हातारीनं रिसीव्हर तिच्या हातातून काढून घेतला, पदर खोचला, आणि राजूरकडच्या डांगाणातल्या सगळ्या ठेवणीतल्या शिव्या एका दमात त्याच्या कानात ओतल्या. राम आईच्या तोंडाकडं बघत राहिला. चौकातल्या टपरीवर चहा ओतायचा थांबला.

"आजी, अवो, तक्रार येईल!" लंकाबाई म्हणाली.

"येऊ दे की. माझ्याकडं कुठं बूथ हाय?"