चेअरमनचा उपास

"आमच्या घरी चहा म्हटलं की चेअरमनला उपास असतुय, डॉक्टर. आन् तासाभरानं सोसायटीच्या हापिसात उकडलेली अंडी खातेत."

सुलाबाई मुरूम गावाजवळच्या आमच्या दवाखान्यात बीपी दाखवायला आल्या होत्या. बौद्ध वस्तीतल्या, दोन म्हशींच्या धनीण. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर गावात दूध सोसायटी निघाली, तेव्हा त्यांच्या घरात बसून चहा प्यायला तो चेअरमन बाबुरावांनी. गावातल्या बड्या शेतकऱ्यांपैकी पहिल्यांदाच कुणीतरी. त्या चहामुळंच वस्ती सोसायटीत आली.

"उद्यापासून वस्तीचं दूध बंद," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "आमचा कप पुन्हा बाटला म्हना की."

खरं कारण मला माहीत होतं. बाबुराव माझेच पेशंट. लघवीचे थेंब निळ्या औषधात टाकून उकळायचे. साखर असली की रंग विटकरी होतो. त्यांचा चांगलाच विटकरी झाला होता. वजनही बेसुमार. मी भात, गूळ, साखर बंद केली, भाकरी चतकोरावर आणली. अंडी, पालेभाजी, ताक चालू. साखरेचा आजार नसलेल्या त्यांच्या बायकोनंही तेच जेवण धरलं, तर तिचंही वजन उतरलं. पण पेशंटचा आजार दुसऱ्याला सांगायचा नसतो. मी सुलाबाईंना बीपीच्या गोळ्या तेवढ्या लिहून दिल्या. फार जड गेलं.

संध्याकाळी बाबुरावांना बोलावलं आणि सुलाबाईंचं गाऱ्हाणं सांगितलं.

"बिनसाखरेचा चहा मागायचा की."

"आन् गावभर होऊ द्यायचं, चेअरमनला साखर झाली म्हणून? इलेक्शन तोंडावर हाय."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या खुर्चीपायी त्या बाईची इज्जत घालवता व्हय? जा आणि स्वतः सांगा."

 "माझ्या ध्यानातच न्हाय आलं वो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते वस्तीत गेले. पुढचं सुलाबाईंनीच मला सांगितलं. चारचौघांत बाबुराव म्हणाले, "मला साखर झालीया. उपास खोटा हुता. पर तुमच्या घरचं खाल्ल्याबिगर म्या उठणार न्हाय." सुलाबाईंनी अंडी उकडली, वर तांब्याभर ताक दिलं.

इलेक्शनमध्ये बाबुराव पडले. आजारी माणूस काय कारभार करणार, असं लोक म्हणाले. वस्तीतल्या एकाही घरचं दूध मात्र थांबलं नाही.

ताटात काय असतं, हे मी पेशंटला आधीपासून विचारायचो. तेव्हापासून कुणाकुणाच्या घरी खाता, हेही विचारू लागलो.